विश्लेषण : शाळा जवळ, तरी पायी जाणे अवघड, खोपोलीच्या मुलांच्या वाटेत काय आडवे येते?

किशोरवयीन मुलांना रोज सरासरी तासभर चांगली हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या तासाचा मोठा भाग शाळेच्या वाटेवरच मिळू शकतो. पण महामार्गावर वसलेल्या खोपोलीत ही वाट मुलांसाठी आखलेलीच नाही. दुसरीकडे, खालापूर-कर्जतच्या डोंगरवाड्यांवरच्या मुलांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त चालावे लागते. हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहण्याची गरज आहे.

सकाळी सातच्या सुमारास खोपोलीच्या शिळफाट्यावर उभे राहिले, की शाळेत जाण्याचे सगळे प्रकार एका नजरेत दिसतात. रिक्षात दाटीवाटीने बसलेली मुले, वडिलांच्या स्कूटरवर पुढे-मागे बसलेली भावंडे, पिवळ्या स्कूलबस, पास सांभाळत एसटीची वाट पाहणाऱ्या मुली, लोकल गाठायला धावणारे अकरावी-बारावीचे विद्यार्थी. आणि या सगळ्यांच्या मधून, ट्रक-टँकरच्या अंगाला अंग लावून, रस्त्याकडेच्या मातीतून चालणारी काही मुले. यातले सर्वात धोक्यात कोण, असे विचारले तर बोट या चालणाऱ्या मुलांकडे जाते. दिवसाची सुरुवात सर्वात चांगली कोणाची झाली, असे विचारले तरी उत्तर तेच असायला हवे होते. एकाच मुलाच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे खरी ठरावीत, ही त्या रस्त्याची नामुष्की आहे.

किशोरवयात हालचाल किती हवी आणि होते किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटातील मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी. आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायाम किंवा खेळ असावेत. मध्यम हालचाल म्हणजे श्वास थोडा वाढेल पण बोलता येईल, अशी. झपझप चालणे, सायकल चालवणे, जिना चढणे हे सगळे त्यात येते. त्यासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरावे लागत नाही.

प्रत्यक्षात काय घडते? १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ समूहाच्या बालक व किशोर आरोग्यविषयक नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये जगातील ८१ टक्के किशोरवयीन मुले पुरेशी हालचाल करत नव्हती, असे त्यात आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, तर मुलांमध्ये ७८ टक्के होते. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा बरा. पण त्यामागची जी कारणे अभ्यासकांनी सुचवली, ती वाचून समाधान वाटू नये. मुलांच्या बाबतीत क्रिकेटचे वेड आणि मुलींच्या बाबतीत घरकाम! म्हणजे आपल्या मुली ज्या हालचालीमुळे आकडेवारीत बऱ्या दिसतात, त्यात पाणी भरणे आणि झाडलोट यांचा वाटा असू शकतो.

याचा शाळेच्या वाटेशी काय संबंध?

हिशेब सोपा आहे. शाळा दीड किलोमीटरवर असेल तर झपझप चालत जायला १८ ते २० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन ३५ ते ४० मिनिटे झाली. म्हणजे ६० मिनिटांपैकी दोनतृतीयांश भाग शाळेची घंटा वाजण्याआधी आणि सुटल्यानंतर पूर्ण झाला. उरलेली २० मिनिटे मधल्या सुट्टीत किंवा संध्याकाळच्या खेळात सहज निघतात. तीन-चार किलोमीटरचे अंतर सायकलने जाणाऱ्या मुलालाही जवळपास तेवढाच व्यायाम होतो.

हे महत्त्वाचे अशासाठी, की आठवीनंतर मुलांच्या दिवसातून खेळ हळूहळू हद्दपार होतो. शाळा, मग शिकवणी, मग गृहपाठ आणि उरलेल्या वेळात मोबाइल. शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात असतो. पण दहावीच्या वर्षात तो गणित-विज्ञानाच्या उजळणीला कधी दिला जातो, ते पालकांनाही कळत नाही आणि कळले तरी कोणी तक्रार करत नाही. मुलांना ‘खेळायला जा’ म्हणणारे आईवडीलच संध्याकाळी पाच ते आठ शिकवणी लावतात. अशा दिवसात शाळेत जाणे-येणे हीच एक गोष्ट अशी आहे, जी रोज घडतेच आणि जिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

अभ्यासाचे नुकसान होईल ही भीतीही फारशी टिकत नाही. डेन्मार्कमध्ये २०१२ मध्ये सुमारे २० हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली. चालत किंवा सायकलने शाळेत येणाऱ्या मुलांची एकाग्रता वाहनाने सोडल्या जाणाऱ्या मुलांपेक्षा चांगली असल्याचे आणि हा फरक सकाळचे काही तास टिकत असल्याचे तिच्यात दिसले. डेन्मार्कची हवा आणि रस्ते वेगळे, हे मान्य. पण पहिल्या तासाला पेंगणारा वर्ग आपल्या शिक्षकांना अनोळखी नाही.

भारतात मुले शाळेत कशी जातात?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) देशातील सुमारे ६० टक्के विद्यार्थी पायी शाळेत जातात. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा थोडे अधिक आहे. म्हणजे भारतात चालणे रुजवावे लागणार नाही. ते टिकवावे लागणार आहे. ज्या देशांनी मुलांना गाड्यांतून शाळेत न्यायची सवय लावली, ते आता कोट्यवधी खर्चून त्यांना पुन्हा चालायला शिकवत आहेत. आपल्याकडे चालणारी मुले आजही आहेत. मात्र घरात पहिली दुचाकी आली, की मुलाचे चालणे थांबते आणि ती प्रगतीची खूण मानली जाते. वाहनातून उतरणारा मुलगा ‘चांगल्या घरचा’ आणि चालत येणारा बिचारा, ही समजूत शाळेच्या फाटकाशीच पक्की होते.

खोपोलीत अडचण नेमकी काय?

खोपोली हे पहिल्यापासून इतरांच्या प्रवासाचे गाव आहे. बोरघाटाच्या पायथ्याशी वाटसरूंनी विसावायचे, पाणी प्यायचे आणि घाट चढायचा. नाना फडणविसांनी येथे तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले, तेव्हा हा घाटरस्ता राबता होता. १८५६ मध्ये रेल्वे पळसदरीहून खोपोलीपर्यंत आली आणि घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत पुण्याकडचे प्रवासी येथेच उतरून पुढे जात. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे पोलाद आणि इतर कारखाने आले, जुना मुंबई-पुणे महामार्ग वाढत गेला. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेची लोकसंख्या ७१ हजारांवर होती. पण गाव मोठे होत गेले ते महामार्गाच्या दोन्ही कडांना चिकटून. वरची खोपोली, खालची खोपोली, शिळफाटा, लौजी, काटरंग, विहारी, भानवज अशी वस्ती पसरली. शाळा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असेल, तर मधला रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा गावातली वर्दळ कमी होईल अशी अपेक्षा होती. मोटारी काही प्रमाणात तिकडे गेल्याही. पण द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने मुंबई-पुणे दरम्यानच्या दुचाकी जुन्या रस्त्यानेच येतात. कारखान्यांची अवजड वाहने, पेण आणि पालीकडे फुटणारी वाहतूक, शनिवार-रविवारचे पर्यटक हे सगळे त्यात मिसळते. शाळेत निघालेल्या मुलाच्या वाट्याला येतो तो या रस्त्याचा काठ. पदपथ असेल तिथे त्यावर दुकानाचा माल, उभ्या दुचाकी नाहीतर गटाराची उघडी झाकणे. नसेल तिथे माती आणि पावसाळ्यात चिखल. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे वर्षातले पहिले चार महिने या काठावर पाणी आणि चिखलच असतो.

पालकांची भीती अवाजवी आहे का?

अजिबात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२ हजार ८२५ पादचारी होते आणि १८ वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या घरात होती. म्हणजे दिवसाला सरासरी २६ मुले. एखाद्या शाळेचा अख्खा वर्ग देशात रोज रस्त्यावर संपतो, असा या आकड्याचा अर्थ होतो.

खोपोलीकरांना हे आकडे वाचायचीही गरज नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी चेंबूरच्या एका शिकवणी वर्गाची सहल लोणावळ्याहून परतत असताना बस बोरघाटात उलटली आणि दोन विद्यार्थी गेले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे, गोरेगावच्या वादक पथकाची बस शिंग्रोबा मंदिराजवळ दरीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. त्यात तरुण आणि किशोरवयीन मुलांचा भरणा होता. घाटात अपघात झाला की मदतीला सर्वात आधी धावतात ती खोपोलीचीच माणसे. त्यांनी आपल्या मुलाला रस्त्याच्या कडेने एकटे पाठवायला कचरावे, यात नवल नाही.

पण या भीतीचा परिणाम उलटा होतो. प्रत्येक पालक आपल्या मुलाच्या सुरक्षेसाठी त्याला वाहनाने सोडतो. त्यामुळे शाळेच्या फाटकाशी वाहनांची गर्दी वाढते. ती गर्दी चालणाऱ्या मुलांसाठी नवा धोका होते आणि मग त्यांचे पालकही वाहन काढतात. प्रत्येकाने शहाणपणाने घेतलेल्या निर्णयातून सगळ्यांचा तोटा होतो, तो असा. हे चक्र एकट्या पालकाला तोडता येत नाही. ‘आमच्या वेळी आम्ही चालत जायचो’ असे म्हणून मुलांना आळशी ठरवणे तर सर्वात सोपे आणि सर्वात निरुपयोगी. त्या वेळी रस्त्यावर इतके टँकर नव्हते.

मग स्कूटर हा मार्ग असू शकतो का?

अकरावी-बारावीच्या मुलांनी यातून स्वतःचा मार्ग काढला आहे आणि तो सर्वात धोक्याचा आहे. परवाना नसताना घरची स्कूटर घेऊन कॉलेजला जाणे, मागे दोन मित्र आणि शिरस्त्राण कोणाकडेच नाही. कायद्यानुसार गिअरची दुचाकी चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. किती पालकांना हे ठाऊक आहे? शाळा-कॉलेजांच्या पहिल्याच पालक सभेत ते वाचून दाखवायला हवे. मात्र स्कूटर काढून घेताना तिच्या जागी सायकल किंवा वेळेवर येणारी बस द्यावी लागेल, नाहीतर मुलगा मित्राच्या स्कूटरवर मागे बसेल.

डोंगरवाड्यांवरच्या मुलांचे काय?

खोपोलीच्या बाजारपेठेपासून काही किलोमीटरवर चित्र उलटे होते. खालापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची मुले पिढ्यान्‌पिढ्या डोंगर उतरून शाळेत येतात. चालणे हा त्यांच्यासाठी व्यायामाचा विषय नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत पथकांना तासभराहून अधिक डोंगर चढून पायीच जावे लागले, कारण वर वाहन जाईल असा रस्ताच नव्हता. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्या एका रात्रीमुळे राज्याला कळले की मुंबईपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर अशी गावे आहेत. त्या पायवाटेने तिथली मुले मात्र वर्षानुवर्षे ये-जा करत होती.

अशा मुलांना ‘रोज ६० मिनिटे हालचाल करा’ हा सल्ला देणे म्हणजे चेष्टाच. त्यांची हालचाल पुरेशी आहे. पुरेसे नाही ते अन्न आणि सुरक्षितता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. रिकाम्या पोटी, ओढा ओलांडत पाच-सहा किलोमीटर चालणारी मुलगी तंदुरुस्त होत नाही, ती थकते. आणि एक दिवस शाळा सोडते.

कर्जत तालुक्यातले माथेरान या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. २००३ मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्र घोषित झालेल्या या गावात मोटारींना बंदी आहे. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. वाहनमुक्त गाव म्हणून पर्यटक त्याचे कौतुक करतात. पण तेथील मुलांना धो-धो पावसात लाल मातीच्या चढणीवरून शाळा गाठावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर ५ डिसेंबर २०२२ पासून तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. त्यांच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले, त्यात हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या सन्मानाबरोबरच विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीचाही मुद्दा होता. यावर ‘मुलांचे चालणे गेले’ म्हणून हळहळणे योग्य होणार नाही. चालणे चांगले, ते स्वेच्छेने आणि बेताच्या अंतराचे असेल तर. पर्याय नसल्याने करावी लागणारी पायपीट वेगळी आणि रोजची चाल वेगळी. खोपोलीच्या मुलांना हवी आहे ती चाल आणि वाडीवरच्या मुलांची टाळायची आहे ती पायपीट.

कायदा आणि योजना कुठपर्यंत पोहोचतात?

शिक्षण हक्क कायद्याखालील निकषांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. पण हा हक्क वयाच्या चौदाव्या वर्षी, आठवीला संपतो. माध्यमिक शाळेसाठी पाच किलोमीटरचे उद्दिष्ट धोरणात आहे, हक्कात नाही. म्हणजे ज्या वयात मुले, विशेषतः मुली, शाळेतून गळतात, नेमके त्याच वयात शाळा दूर जाते आणि कायदा हात काढून घेतो. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना राज्य सरकारने २०२३ मध्ये पुढे आणली. तिचे गुण-दोष काहीही असोत, वाहतुकीची लेखी हमी नसेल तर ती मुलांच्या पायांवर टाकलेला बोजाच ठरेल.

सवलती मात्र आहेत आणि त्या माहीत असायला हव्यात. एसटीत पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून शाळेसाठी मोफत पास मिळतो; इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात दोनतृतीयांश सवलत आहे. हे पास शाळेतच देण्याची मोहीम २०२४ च्या जूनमध्ये सुरू झाली. उपनगरी रेल्वेत मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत आहे. कर्जत-खोपोली मार्गावरच्या पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या स्थानकांजवळच्या मुलांसाठी हे वरदान आहे. पण मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या. एक लोकल चुकली की पुढच्या गाडीसाठी तासभर किंवा त्याहून जास्त बसून राहावे लागते. पास मोफत असून बस किंवा गाडी शाळेच्या वेळेत नसेल, तर त्या पासाचा उपयोग ओळखपत्रापुरता.

सायकलने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि याचा सर्वात ठोस पुरावा बिहारमध्ये आहे. तेथे २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी घटली. परिणाम सर्वाधिक दिसला तो शाळेपासून तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. पण सायकल देऊन काम संपत नाही. बिहारमधल्या मुली गटाने निघाल्या, रस्त्यावर त्या दिसू लागल्या आणि मुलीने सायकलवर जाणे ही नेहमीची गोष्ट झाली. ज्या रस्त्यावर ट्रक अंगावरून जाईल अशी धास्ती आहे, तिथे सायकल अंगणातच गंजते.

इतर देशांनी काय केले?

नेदरलँड्स हा सायकलींचा देश जन्मजात नव्हता. १९७१ मध्ये तेथे ४०० हून अधिक मुले रस्ते अपघातांत दगावली. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, पालक रस्त्यावर उतरले आणि सरकारला सायकलमार्ग व शांत रस्ते बांधावे लागले. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुले ठरलेल्या वाटेने, गटागटाने चालत जातात. मोठी मुले लहानांना सांभाळतात आणि चौकात स्वयंसेवक उभे असतात. या दोन्हींतला धडा एकच आहे. आधी वाट सुरक्षित झाली, मग मुले चालू लागली. मुलांना व्याख्यान देऊन कोणताही देश चालता झाला नाही.

खोपोलीत लगेच काय करता येईल?

पहिले, मोजणी. प्रत्येक शाळेने एका दिवशी हजेरी घेताना ‘आज कसा आलास?’ एवढे विचारून पट भरावा. पायी, सायकल, रिक्षा, बस, लोकल, स्कूटर. त्याला खर्च शून्य. ही माहिती नगरपरिषदेकडे गेली, की कोणता चौक किती मुले ओलांडतात ते कळेल.

दुसरे, प्रत्येक शाळेभोवतीचे अर्धा किलोमीटर. तेवढ्या पट्ट्यात सलग, मोकळा पदपथ, झाकलेली गटारे, रंगवलेले पादचारी पट्टे आणि गतिरोधक. लोक आणि वाहने जिथे मिसळतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. शाळेभोवती तरी ती पाळता येईल.

तिसरे, अवजड वाहने. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी ठरावीक रस्त्यांवर ठरावीक वाहनांना निर्बंध घालता येतात. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गावातल्या रस्त्यांवर ट्रक-टँकर थांबवणे कारखान्यांना परवडणारच नाही, असे नाही. पाळीच्या वेळा ठरवणारे कारखाने मालाची वेळही पाऊण तास पुढे-मागे करू शकतात.

चौथे, वाहनाने सोडणाऱ्यांसाठी शाळेपासून तीन-चारशे मीटर अलीकडे उतरण्याची जागा. तिथून मुले चालतील. यामुळे फाटकाशी गर्दी हटेल आणि दूर राहणाऱ्या मुलांनाही रोज थोडे चालणे घडेल.

पाचवे, शाळेची दिंडी. वारीत दिंडी ठरलेल्या वाटेने जाते, वाटेत माणसे सामील होत जातात, पुढे-मागे सांभाळणारे असतात. एका आळीतली पंधरा-वीस मुले दोन पालक किंवा निवृत्त ज्येष्ठांसोबत अशीच निघू शकतात. सहावी-सातवीपर्यंत मोठ्यांची सोबत, पुढे मुलांची मुलांनाच. मुलींना गटाने जाण्याचा धीर यातूनच येतो.

सहावे, वेळापत्रक. एसटीचे आगार, रेल्वे आणि शाळा यांनी वर्षातून एकदा, मे महिन्यात, एकत्र बसून वेळा जुळवाव्यात. वाडीवरच्या मुलांसाठी पायथ्यापर्यंत बस आणि ओढ्यावर साकव ही मागणी नवी नाही; पण ती ‘ग्रामविकासा’च्या यादीत तळाला राहते. ती शिक्षणाच्या यादीत वर यायला हवी. स्वतःची बससेवा चालवण्याचा अनुभव खोपोली नगरपरिषदेच्या गाठीशी आहे.

सातवे, दप्तर. केंद्राच्या २०२० च्या धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. आठ किलोचे ओझे पाठीवर घेऊन कोणी आनंदाने चालणार नाही.

या सगळ्यात पैसा कुठून येणार?

वरच्या यादीतला बहुतांश खर्च रंग, झाकणे, फरशी आणि माणसांच्या वेळेचा आहे. शहरे उड्डाणपुलांसाठी आणि सुशोभीकरणासाठी जे खर्चतात, त्यापुढे तो किरकोळ ठरावा. तरीही तो होत नाही, कारण मुलांना मत नसते आणि पायी चालणाऱ्यांची संघटना नसते. रस्ता रुंद करा म्हणणारे निवेदन घेऊन येतात. रस्त्याकडेला चार फूट द्या म्हणणारे मूल शाळेला उशीर होतो म्हणून निघून जाते.

खोपोलीने आजवर इतरांच्या प्रवासाची सोय पाहिली. घाट चढणाऱ्यांना पाणी दिले, मुंबईला वीज दिली, दरीत कोसळलेल्यांना वर काढले. आता आपल्याच गावातल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना घरापासून शाळेपर्यंत दीड किलोमीटर निर्धास्त चालता येईल एवढी वाट करून देणे, हे काही अशक्य मागणे नव्हे. येत्या जूनमध्ये शाळा भरतील तेव्हा निदान एका शाळेभोवतीचे अर्धा किलोमीटर तयार असावे. बाकीच्या शाळांचे पालक मग स्वतःहून नगरपरिषदेत येतील.